येजो, बाबू!

मराठी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून साबणाची वडी आणायला निघालेला मुलगा 'आलोच' म्हणतो, आणि परगावी चाललेले आजोबा 'येतो बरं का' म्हणत चपला पायांत सरकवतात. चुकून कोणी 'जातो' म्हणालेच, तर घरातली वडीलधारी बाई जागच्या जागी दुरुस्ती करते, 'जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं.' व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने हे विपरीतच आहे. पाऊल उंबऱ्याबाहेर पडते आहे आणि क्रियापद मात्र आत येते आहे! परंतु व्याकरण जाणाऱ्याची क्रिया पाहते, तर भाषा मागे राहणाऱ्यांचे मन पाहते.

आमच्या चांद्याकडे तर भाषेने ह्याहून पुढची सोय करून ठेवली आहे. पुण्या-मुंबईकडचा माणूस निरोप देताना 'ये हं पुन्हा' म्हणतो. हे 'ये' आणि दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला म्हटलेले 'ये' दिसायला एकच. नागपूर-चांद्याकडच्या बोलण्यात मात्र आत्ताची आज्ञा निराळी आणि पुढची आज्ञा निराळी. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे पुढे, तुला जमेल तेव्हा, पण नक्की ये. तसेच 'करजो', 'सांगजो', 'जेवजो'. ही रूपे उत्तरपत्रिकेत आली तर मी त्यांखाली लाल रेघ ओढतो, कारण परीक्षा प्रमाण मराठीची असते. पण एसटीच्या खिडकीखाली उभी राहिलेली आई जेव्हा 'येजो, बाबू' म्हणते, तेव्हा तिच्या त्या दोन अक्षरांना प्रमाण मराठीत तोडीस तोड शब्द मला अजून सापडलेला नाही.

हे 'येजो' हल्ली माझ्या कानांवर फार पडते. आमच्या महाविद्यालयातली दोन-चार मुले दर वर्षी सैन्यात भरती होतात. ऐन सत्रात एखादा मागच्या बाकावरचा मुलगा येऊन सांगतो, "सर, माझं जॉइनिंग आलं." मग तो बाक रिकामा होतो. पुष्कळदा त्याच्या घरचे आग्रहाने बोलावतात, म्हणून मीही स्टँडवर किंवा स्टेशनवर जातो. असे निरोप पाहता पाहता एक गोष्ट मनात पक्की होत गेली आहे. ती ह्या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

पलटण यायची ती बाहेरून

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावात मुलगा पलटणीत निघाला म्हणजे काय करायचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. आजोबा गेले होते, चुलते गेले होते. कोणत्या देवाला नारळ, पेटीत काय घालायचे, पहिले पत्र यायला किती दिवस लागतात, सारे ठरलेले. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी निघाली ती साताऱ्यालाच, ह्यातही नवल नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचे तसे नाही. इथल्या लोकस्मृतीत सैनिक निघत नाही, तो येतो. १८१८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने चांद्याचा किल्ला घेतला. सत्तावनच्या उठावाची ठिणगी इथल्या जंगलात पडली आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके ह्यांना चांद्याला फाशी देण्यात आले. आमचा वीर तो, फौजेविरुद्ध लढलेला. पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला उठाव झाला, आणि तो मोडायला आलेल्या शिपायांनी गावावर, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले. गणवेशातला माणूस दिसला की घरात शिरून कडी लावायची, हा धडा ज्या मुलखाने घेतला, त्या मुलखातल्या आयांनी आपल्या मुलाच्या गणवेशाला ओवाळायला शिकायचे, ही गोष्ट सोपी नव्हे.

ह्याला एक मोठा अपवाद आहे, तो सांगितलाच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्मही १८९१ मध्ये महूच्या छावणीतला. इंग्रज सरकारने पुढे महारांची भरती बंद केली. ते दार पुन्हा नीट उघडायला दुसरे महायुद्ध यावे लागले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ मध्ये तिचे केंद्र आमच्या शेजारी कामठीला होते, नंतर ते सागरला गेले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या चांद्यात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथल्या बौद्ध घरांना पलटणीचे वावडे कधीच नव्हते. तिथे ती मानाने जगण्याची एक वाट होती.

बाकीच्या घरांत मात्र, मग ती कुणब्याची असोत, ढिवराची असोत, गोंडाची असोत की माळ्याची, आज भरती होणारा मुलगा हा बहुधा त्या घराण्यातला पहिलाच सैनिक असतो. त्यामुळे त्याला निरोप कसा द्यायचा, ह्याची रीत घराला ठाऊक नसते. ती त्यांना हाताशी असेल त्यातून उभी करावी लागते.

दाखल्यांचा महिना

निरोपाची सुरुवात स्टँडवर होत नाही. ती तहसील कचेरीत होते.

पहाटे चारला उठून मुलाने डांबरी रस्त्यावर धावायचे, १.६ किलोमीटरची धाव घड्याळात बसवायची, १० बीम मारायचे, ९ फुटांचा खंदक ओलांडायचा, लेखी परीक्षा द्यायची. हे सारे त्याचे एकट्याचे काम. पण निवड झाली की घर कामाला लागते. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला, सरपंचाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, बँकेचे खाते, पॅन कार्ड. एका दाखल्यावर आडनाव एका प्रकारे, दुसऱ्यावर दुसऱ्या प्रकारे, आणि आधार कार्डावर तिसऱ्याच. माझ्याकडे मुले येतात ती प्रायः ह्याच कामासाठी. मराठीचा प्राध्यापक ऱ्हस्व-दीर्घाच्या कामी येतो तो असा!

ह्या दाखल्यांत एक असतो अविवाहित असल्याचा. मूलकडच्या एका विद्यार्थ्याच्या आजीला हे समजले तेव्हा ती भडकलीच. "अठराव्या वर्सी पोट्ट्याचं लगन झालं नाही, हे का सरकारला लिहून द्यावं लागते?" घरात हशा पिकला. पण अग्निवीराला चार वर्षे लग्न करता येत नाही, हे सांगितल्यावर आजी गप्प झाली. तिने बोटांवर हिशेब केला. तो हिशेब नातवाच्या वयाचा नव्हता, तिच्या स्वतःच्या वयाचा होता, हे मला थोड्या वेळाने उमगले.

वडील मंडळींचे रडणे, हसणे, काळजी, सारे ह्या दाखल्यांच्या धावपळीतच होऊन जाते. बाप झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो आणि प्रत्येक कागदाच्या एका प्रतीऐवजी दोन प्रती काढून घेतो. एक प्रत मुलाच्या फायलीत जाते, दुसरी घरच्या पत्र्याच्या पेटीत. ही दुसरी प्रत कोणी मागितलेली नसते.

रातराणी एसटी

गडचिरोली जिल्ह्याचा जवळजवळ सत्तर टक्के भाग जंगल आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपुरातून वेगळा निघाला. ह्या जिल्ह्याला वर्षानुवर्षे ठाऊक असलेले रेल्वे स्टेशन म्हणजे एकटे वडसा. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायचे तर दोनशे किलोमीटरच्या पुढे मजल मारावी लागते. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की पलीकडचे जग बंद. अशा ठिकाणच्या मुलाला हुकूम मिळतो तो अमुक तारखेला हजर होण्याचा. मग तो आधीच चार दिवस नदी ओलांडून आलापल्लीला किंवा चंद्रपूरला कोणा नातेवाइकाकडे येऊन राहतो. म्हणजे घरचा निरोप एकदा नदीकाठी होतो, दुसऱ्यांदा मामाच्या दारात आणि तिसऱ्यांदा स्टँडवर.

पिशवीत काय असते? जवसाची चटणी, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू. केंद्रात बाहेरचे खाणे फार दिवस ठेवू देत नाहीत, हे मुलाला माहीत असते. त्याने आईला ते सांगितलेलेही असते. तरी डबा भरला जातो. "गाडीत खाजो, नाहीतर सोबतच्या पोट्ट्यांना देजो." आई दह्याची कवडी तळहातावर ठेवते, कुंकू लावते. बाप काहीच करत नाही. तो कंडक्टरला दोनदा विचारतो की गाडी नागपूरला किती वाजता पोचेल. गाडी सुरू झाली की धावत जाऊन खिडकीतून घडी घातलेली शंभराची नोट मुलाच्या हातात कोंबतो. ती आधी देता आली नसती का? आली असती. पण मग धावावे कशासाठी?

पूर्वी ही मुले जिकडे भरती होत, तिथली नावे घरच्यांना परकी वाटत. आता कामठी, सागर, बेळगाव, अहिल्यानगर, नाशिक रोड ही नावे चुलीपाशी बोलली जातात. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. तिथे ज्याला जागा मिळते त्याची आई शेजारणींत भाग्यवान ठरते. कामठी म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे घरच!

निरोपाचे वयही उतरत चालले आहे. २०१९ मध्ये बल्लारपूरजवळ विसापूरला चंद्रपूरची सैनिक शाळा सुरू झाली. सहावीतले पोर, दहा ते बारा वर्षांचे, पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे राहते. तिथे रडतात ते बहुधा पालकच. मुलांना पलंग कोणता मिळणार ह्याची उत्सुकता असते.

कवाईत घरच्यांची

गाडी गेली, आणि घरी आल्यावर लक्षात येते की आपलीही कवाईत सुरू झाली आहे. बहुतेक केंद्रांत सुरुवातीला मुलाचा फोन जमा होतो आणि रविवारी थोडा वेळ मिळतो. मग रविवार हा घराचा सण होतो. धानाच्या बांधीत रोवणी चालू असली तरी आई त्या वेळी बांधावर येऊन बसते. जिथे गावात रेंज नाही, तिथे ठराविक झाडाखाली किंवा टेकडीवर सगळे घर जाऊन उभे राहते. पाच मिनिटांच्या बोलण्यात काय विचारायचे, ह्याची यादी आठवडाभर तयार होत असते, आणि प्रत्यक्षात विचारले जाते ते एकच, "जेवला का?"

हळूहळू घराला कळते की मुलगा सगळे सांगत नाही. तळव्यांना फोड आले हे तो सांगत नाही. रडला हे सांगत नाही. तेव्हा घरही सगळे सांगेनासे होते. बैल मेला हे त्याला कळवत नाहीत. आजीला दवाखान्यात नेले हे कळवत नाहीत. दोन्ही बाजू एकमेकांना जपण्यासाठी खोटे बोलू लागतात. ही घरच्यांची सर्वांत अवघड कवाईत, आणि ती शिकवायला कोणी उस्ताद नसतो.

सहा-सात महिन्यांनी कसम परेड होते. आईबापांना बोलावणे येते. भाड्याची गाडी करून, कधी उसनवार पैसे घेऊन मंडळी जातात. पाचशे सारखे गणवेश, सारखे केस, सारखी पावले. त्यांत आपले लेकरू कोणते, हे आईला पहिल्यांदा ओळखता येत नाही. एका माउलीने हे मला सांगितले तेव्हा ती हसत होती, पण हसू टिकले नाही. आणि मग शपथ होते. जमिनीवरून, पाण्यावरून, हवेतून जिथे हुकूम होईल तिथे जाईन, जिवावर बेतले तरी हुकूम पाळीन, ह्या अर्थाची. नोकरी, पगार, गणवेश, मान हे सारे शब्द घराने ऐकलेले असतात. जिवावर बेतण्याचा शब्द आईबाप आपल्या मुलाच्या तोंडून प्रथमच ऐकतात तो इथे. खरा निरोप त्या क्षणी होतो. स्टँडवरचा निरोप ही त्याची तालीम.

परतण्याचे दार

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अलीकडे आमच्याकडे निरोपाला थाट आला आहे. चौकात फलक लागतो, मिरवणूक निघते, वाजंत्री येते, सरपंच शाल देतात. ह्यात वाईट काही नाही. ज्या मुलखाने फौजेला भ्यावे, त्याच मुलखाने आपल्या जवानाला खांद्यावर घ्यावे, हा केवढा पालट! परंतु थाटाच्या निरोपाला एक खोड आहे. तो जाणाऱ्याला फक्त पुढे ढकलतो. त्यात 'जा' फार मोठ्याने म्हटले जाते आणि 'ये' ऐकूच येत नाही.

प्रशिक्षणातून परत येणारी मुले असतात. कोणाचा गुडघा जातो, कोणाचे काही वैद्यकीय तपासणीत निघते, कोणाला ते जीवन झेपत नाही. माझा एक विद्यार्थी असा तीन आठवड्यांत परत आला. चौकातला त्याच्या नावाचा फलक अजून उतरलेला नव्हता. तो दिवसा गावात शिरलाच नाही. अंधार पडेपर्यंत नदीवर बसून राहिला. घरी पोचला तेव्हा आईने काय विचारले, हे त्याने मला सांगितले. तिने 'का आलास' असे विचारले नाही. तिने विचारले, "जेवला का?" तो मुलगा आज एका आश्रमशाळेत शिपाई आहे आणि पुढे शिकतो आहे. तिने दुसरा प्रश्न आधी विचारला असता, तर त्या रात्री काय झाले असते, ह्याचा विचार मी करू इच्छीत नाही.

मोठा प्रश्न आहे तो चार वर्षांचा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यांतले २१ हजार हाती, बाकीचे निधीत. चार वर्षांनी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढची नोकरी, अशी ती योजना. जुन्या शिपायाला निरोप दिला जाई तो पंधरा-सतरा वर्षांसाठी. तो परत येई तो पेन्शन घेऊन, मिशीला पीळ देत. आता चौघांतले तिघे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घरी येणार. "चार वर्सं तं अशीच जातेत, सर. मंग का करन तो?" हा एका बापाचा प्रश्न. त्याचे उत्तर सरकारने द्यायचे ते देवो. पण अर्धे उत्तर घराने आणि गावाने द्यायचे आहे. तो परत आला तर त्याला 'काढून टाकलेला' म्हणायचे की 'सेवा करून आलेला' म्हणायचे, हे कोणत्याही खात्याच्या हाती नाही.

परतीचे दार बंद होणे म्हणजे काय, हे गडचिरोलीने फार जवळून पाहिले आहे. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० मध्ये पोलिसांचे सी-६० पथक निघाले, त्यात भरले गेले ते इथलेच, गोंडी-माडिया बोलणारे तरुण. लाहेरीजवळ ८ ऑक्टोबर २००९ रोजी १७ पोलीस पडले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेला. पण जे जगले त्यांतल्या अनेकांनाही आपल्या गावी दिवाळीला जाता येत नसे. मुलगा पोलिसात गेला म्हणून आईबापांच्या जिवावर बेते. कितीतरी कुटुंबे शेत, घर, मोहाची झाडे मागे टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहिली. त्या घरांतले निरोप वाजंत्रीने झाले नाहीत. ते कुजबुजत झाले, आणि शेजाऱ्याने विचारले तर 'पोरगा शिकायला गेला' असे सांगितले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ह्या बड्या माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा शहरांतल्या लोकांनी ती एक बातमी म्हणून वाचली. इथल्या काही म्हाताऱ्यांनी मात्र हिशेब केला तो वेगळाच: आता पोराला घेऊन गावच्या मंडईला जाता येईल का?

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात, रात्र-रात्र नाटके रंगतात. त्या गर्दीत सुटीवर आलेले जवान सहज ओळखू येतात. केस बारीक, पाठ ताठ, बोलण्यात हिंदी शब्द. त्यांना पाहून वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या घरातून कोणी कधी पलटणीत गेलेले नाही अशा आपल्यासारख्या पांढरपेशा मंडळींनी, एवढेच करावे. त्याला शौर्याच्या कथा विचारू नयेत. त्या सांगण्यासारख्या असतील तर तो सांगेल. त्याच्या आईला 'अभिमान वाटत असेल ना?' असेही विचारू नये. त्या प्रश्नाला 'हो' शिवाय दुसरे उत्तर देण्याची मुभा आपण तिला ठेवत नाही. गाडी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिच्याकडे जावे, चहा घ्यावा, मुलगा काय म्हणाला ते ऐकावे. आणि तो घरी आला, सुटीवर आला, चार वर्षांनी आला, अर्ध्यावरून आला, तरी त्याला बसायला पाट द्यावा तो एकाच आकाराचा.

कारण 'येजो' ह्या आज्ञेला अट नसते. गणवेशात येजो, पदक घेऊन येजो, पेन्शनीत येजो, असे कोणतीही आई म्हणत नाही. ती नुसते 'येजो' म्हणते.